न पिणाऱ्याची जीभ

१४ नोव्हेंबर

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

खोकं काल पोचलं. पोस्टमनने ते दारात ठेवलं, आतला खळखळाट ऐकला आणि तीस वर्षं व्याकरण शिकवणाऱ्या माणसाचं अखेर बिंग फुटलं अशा नजरेने माझ्याकडे पाहून तो गेला. बाटलीभोवती तू इतका पेंढा भरला होतास की आत बाटली आहे की अंड्यावर बसलेली कोंबडी, असा तुझ्या वहिनीला प्रश्न पडला.

बाबांनी घालून दिलेले सगळे नियम पाळले. दुपारचे तीन, पोट ना रिकामं ना भरलेलं, खिडकीजवळचं टेबल, साधा पाव, तीन घोट आणि प्रत्येक घोटानंतर पाणी. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस या पदार्थाला न शिवणाऱ्या माणसाला त्यांनी उरलेल्या एका दिवसाचा न्यायाधीश का केलं, ते मला अजून कळलेलं नाही. न पिणाऱ्याची जीभ कोणाला विकलेली नसते, असं ते म्हणायचे. मला विचारशील तर धंदा सोडून मी संस्कृत घेतलं त्याची ही शिक्षा होती; वर्षातून एकदा तरी भट्टीची आठवण व्हावी म्हणून. (भट्टी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. कारखाना म्हण, म्हणायचे.) ते जाऊन आठ वर्षं झाली, तरी माझं पत्र आल्याशिवाय तुझ्याकडे हिवाळ्याची काळी बिअर बाटलीत भरली जात नाही. इतका मान राजपुरोहितालाही नसेल, आणि त्याला निदान दक्षिणा तरी मिळायची.

आता निकाल. रंग उत्तम, उजेडात धरला तर कडेला गडद लाल. फेस दाट, तपकिरी, पेल्याला चिकटून राहणारा. गोडी आहे, भाजलेल्या जवाचा कडवटपणा आहे, शेवटी जिभेच्या कडांवर किंचित आंबट. पण ठमे, मसाला कुठे आहे? दालचिनी नाही, संत्र्याची साल नाही, जायफळ नाही, आणि लवंग तर औषधालाही नाही. ही बिअर म्हणजे कर्ता, कर्म सगळं जागच्या जागी असलेलं पण क्रियापद हरवलेलं वाक्य आहे.

यंदा सगळ्या जगानेच भेसळ करायचं ठरवलेलं दिसतं. कोपऱ्यावरचा दुकानदार बिनवासाचे साबण बिनदिक्कत विकतो. फुलवालीची फुलं कागदाची असावीत असा मला दाट संशय आहे. घरात चहात आलं घालायचं बंद झालं आहे, आणि विचारलं तर घातलंय म्हणून छातीठोकपणे सांगितलं जातं. गेल्या महिन्यात मी आठ दिवस तापाने पडून होतो, तेवढ्यात हा कट शिजला असावा.

तेव्हा विचारतो: मसाला काढून कोण देतं? अजून तेच कोठीवाले? कोठीच्या किल्ल्या त्यांच्याचकडे असतात? मी कोणावर बोट ठेवत नाही. बोट ठेवायचंच झालं तर कुठे ठेवता येईल, एवढंच पाहून ठेवतो आहे. तोवर बाटल्या भरू नकोस. निकाल नापास.

लोभ आहे तो वाढवावा, मसाल्यासारखा कमी करू नये.

तुझा,
दादा

१९ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोर वाचायला घेतलं. चौघंही हात पुसून उभे होते. कोंबडीवर सगळे हसले. राजपुरोहितावर मिस्त्री जरा जास्तच हसला, त्याला शब्द कळला नव्हता. मसाला कुठे आहे, इथवर वाचलं आणि पुढच्या ओळी मला मोठ्याने वाचवेनात. मी डोळ्यांनी वाचत राहिले आणि ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. काय समजायचं ते समजले.

दादा, खरं सांगू? मी चाखली तेव्हा मला लवंग उलट जरा चढीच वाटली होती. मिस्त्रीलाही. पण तू नाही म्हणतोस म्हणजे नाहीच. रोज चाखून चाखून आमच्या जिभांची पायपुसणी झालीत, हे बाबाच म्हणायचे. तुझं पत्र वाचून मी पुन्हा तळघरात जाऊन घोट घेतला, तर मलाही लवंग लागेना. मग लागली. मग परत लागेना. शेवटी पेला ठेवून दिला.

अठरा पिंपं भरून उभी आहेत. सुट्ट्या लागायच्या आत अकरा दुकानांत माल जायला हवा. हा एक महिना आम्हाला पुढचे सहा महिने पोसतो, तुला माहीत आहे. नवीन करायची म्हटली तर मुरायला पाच आठवडे लागतात, म्हणजे सुट्ट्या संपून लोक कामावर परतलेले असतील.

कोठीकाकांना तू दोन-तीनदाच पाहिलं आहेस. एकोणीस वर्षं झाली त्यांना, बाबांच्या हातचा उरलेला हा शेवटचा माणूस. जव, मसाला, यीस्ट सगळं त्यांच्या ताब्यात. बोलणं इतकं कमी की शब्दही तराजूत टाकून काढतात की काय असं वाटावं. मी सगळे डबे वजन करून पाहिले. सगळं चोख. हायसं वाटलं, आणि लगेच मनात आलं की वजनं जुळवून ठेवणाराही तोच माणूस आहे.

त्यातच मिस्त्री हळूच येऊन सांगून गेला. मसाला उकळीत टाकायच्या सकाळी त्याने काकांना कोठीच्या दाराशी पाहिलं होतं, हातात कागदाची पुडी. ती खिशात जात होती की खिशातून येत होती, असं मी विचारलं, तर म्हणाला, ताई, पुडी ती पुडी. मी काकांना विचारलं, मसाला पुरता टाकलात ना? म्हणाले, टाकला. पुडी कसली होती? म्हणाले, माझी होती. संपलं. आणि एक हात गालावर ठेवून माझ्याकडे बघत राहिले, मीच काही लपवते आहे असं.

दुसऱ्या पिंपातली बाटली पाठवते आहे. नीट बघ. आणि चहाबद्दल वहिनीला काही बोलू नकोस, आलं तर राहू दे, चहाही मिळायचा नाही.

तुझ्या उत्तराकडे अठरा पिंपं डोळे लावून बसली आहेत. धाकटीवर माया आहे तशीच असू दे.

तुझी,
ठमी

२४ नोव्हेंबर

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसरी बाटली काल दुपारी तीन वाजता उघडली. पहिलीची सख्खी बहीण. गोड, कडू, आणि मसाल्याच्या नावाने शंख. जायफळाचा तरी काही मागमूस लागेल म्हणून चौथा घोट घेतला, बाबांचा नियम मोडून. काही नाही.

एक शंका मी स्वतःच उपस्थित करतो, म्हणजे तुला करावी लागू नये. तुला आणि मिस्त्रीला लवंग चढी वाटते आणि मला औषधालाही सापडत नाही, हे कसं? उत्तर सोपं आहे. तुम्ही मसाला टाकताना पाहिलेला आहे. मन आधी ओळखतं, जीभ मागून मान डोलावते. मी काही पाहिलेलं नाही, म्हणून माझ्यावर कशाचा परिणाम नाही. तुझी वहिनी तर बाटलीचं बूच निघताच स्वयंपाकघरातून ओरडली की खोलीभर लवंग घमघमते आहे. ती कोणाच्या बाजूची आहे हे मला लग्नापासून उलगडलेलं नाही.

चहाचा सल्ला उशिरा पोचला. मी बोललो होतो. तिने मला हाक मारून बोलावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत आलं किसून दाखवलं. किसलेलं आलं आणि चहात पडलेलं आलं यांत हातभर अंतर असतं, असं मी म्हटलं. तेव्हापासून माझा चहा मी करतो. त्यालाही चव नाही. चहापत्तीवालाही सामील आहे.

आमच्या न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असलाच पाहिजे असं अनुमान काढतात. तुझ्याकडे धूर म्हणजे पुडी. वजनं चोख आहेत म्हणतेस. अगं, चोख वजन हीच तर हुशार माणसाची खूण. काढलेल्या लवंगेच्या जागी त्याच वजनाचं काय भरता येतं, हे कोठीवाल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? आणि निरपराध माणूस गप्प बसत नाही. तो चिडतो, शपथा घेतो, निदान भांडं आपटतो.

माझं ऐकशील तर काही दिवस किल्ल्या तुझ्याकडे घे. आरोप करू नकोस. हिवाळ्यापुरत्या, असं गोड शब्दांत सांग. खरं काय ते आपोआप बाहेर येईल.

रागावू नकोस. रागवायचंच असलं तर पत्राने रागाव, म्हणजे राग दोन दिवस वाटेत निवेल.

तुझा,
दादा

२९ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

किल्ल्या घेतल्या.

गोड शब्दांतच मागितल्या. हिवाळ्यापुरत्या, असंही म्हटलं. काकांनी कमरेच्या पट्ट्यातून जुडगा सोडवला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मग कामावर अंगापुढे बांधायचा लांब फडका सोडला, दोन्ही टोकं जुळवून घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि तो किल्ल्यांच्या शेजारी ठेवला. चहा आलेला होता. तो तसाच राहिला. टोपी घालून निघून गेले.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही, तेव्हा मला वाटलं, बघ, विचारत नाही म्हणजे माहीत आहे. घरी जेवायला बसले आणि मन फिरलं. विचारत नाही म्हणजे मनाला लागलं असेल, असंही असू शकतं की. दादा, त्या माणसाच्या गप्प बसण्याचे मी आता रोज दोन अर्थ लावते, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा.

आज तीन दिवस झाले, आले नाहीत. मिस्त्री स्वतःचा डबाही कपाटात कुलूप लावून ठेवायला लागला आहे. माझ्यावर उद्या कोण काय बोलेल काय सांगावं, असं मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. बाटल्या धुणाऱ्या दोघी पूर्वी गप्पा मारायच्या म्हणून मी ओरडायचे. आता नुसती काच वाजते.

अकरांतल्या एका दुकानदाराने दुसरीकडून माल घेतला. आणखी एकाने सोमवारपर्यंत थांबतो म्हणून निरोप दिलाय. म्हणून तुला सरळ विचारते. ही अठरा पिंपं गटारात ओतू का? तू हो म्हणालास तर ओतीन. बाबा असते तरी तुझ्या शब्दावर ओतली असती. आणि काकांना काय सांगू? त्यांचं वय एकसष्ट आहे. चोरीचा डाग घेऊन या वयात त्यांना कोण दारात उभं करेल?

लवकर लिही. तुझ्या लोभाइतकाच तुझा शब्दही हवा आहे.

तुझी,
ठमी

२ डिसेंबर

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

हे पत्र शाळेच्या ग्रंथालयातून लिहिते आहे. घरी लिहायला बसले असते तर तुमच्या भावाने माझ्यावरही एखादं अनुमान काढलं असतं.

तुमचं परवाचं पत्र ते टेबलावर उघडं ठेवून फिरायला गेले, म्हणून वाचलं. वाचल्यावर गप्प राहणं मला जमणार नाही. पिंपं ओतू नका. त्यांना वास येत नाही.

मागल्या शनिवारी मी दूध तापत ठेवून शेजारी गेले होते. आले तर पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर, शेजारीण नाकाला पदर लावून दारात उभी. हे चुलीपासून चार पावलांवर वाचत बसलेले, आणि आम्हा दोघींना विचारतात, काय झालं? मला तेव्हा संशय आला. दुसऱ्या दिवशी मी सिरक्यात बुडवलेली चिंधी त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि तासभर वाचत बसले. मी समोर बसून डोळे पुसत होते. आधी सिरक्याने, मग नुसतीच.

ऑक्टोबरातल्या तापापासून हे सुरू आहे. मी बोलून पाहिलं. जगाची थट्टा करणाऱ्यांना स्वतःकडे बोट वळलेलं सोसत नाही. मी सांगितलं तर मी कटात सामील. डॉक्टरने सांगितलं तर डॉक्टरही सामील. तुमचं ऐकतील, कारण तुम्ही त्यांच्या शब्दावर सगळं ओतायला निघाला आहात.

त्यांना दोन बाटल्या पाठवा. एकीत मसाला, एकीत नाही. कोणती कोणती ते लिहू नका. खोटं बोलण्याचा त्यांचा स्वभाव नाही, फक्त स्वतःपाशी खरं बोलायला त्यांना वेळ लागतो.

आणि चहात आलं होतं, वन्सं. रोज होतं.

आपली,
वहिनी

५ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

ओतायच्या आधी एवढं एक काम कर. दोन बाटल्या पाठवल्या आहेत, गळ्याला चिठ्ठी आहे, अ आणि ब. एक तू नापास केलेल्या पिंपातली, मसाला घातलेली. दुसरी, दरवर्षी एक पिंप मसाला न घालता बाजूला ठेवतो त्या एकोणिसाव्या पिंपातली. आत लवंगेचा तुकडाही गेलेला नाही. कोणती कोणती, ते तू ओळखायचं.

वहिनीला विचारायचं नाही. ओळखता आलं नाही तर तसं लिही. चूक आलं तरी मी तुझीच धाकटी आहे.

यावेळचं तुझं पत्र मी चौघांसमोर वाचणार नाही. माझ्या एकटीसाठी लिही, आणि मन मोठं ठेवून लिही.

तुझी,
ठमी

९ डिसेंबर

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझ्या दोन बाटल्या समोर ठेवून मी परवा तीनला बसलो आणि साडेपाचला उठलो.

अ गोड आणि कडू. ब गोड आणि कडू. अ प्यायल्यावर जिभेच्या शेंड्याला किंचित मुंग्या आल्यासारख्या वाटल्या, ब ने तसं काही केलं नाही. तेवढ्यावर मी कागदावर लिहून टाकलं की मसाला अ मध्ये आहे. अक्षर छान आलं होतं. मग माझ्याच लक्षात आलं की मी चव ओळखलेली नाही, शेजारच्याच्या पेपरात डोकावून उत्तर लिहिलं आहे. तीस वर्षं मी अशा लोकांना वर्गाबाहेर काढत आलो. उत्तर बरोबर असण्याची शक्यता बरीच होती, म्हणूनच कागद फाडला.

मग स्वयंपाकघरात गेलो आणि लवंगांच्या बरणीत नाक घातलं. काही नाही. एक लवंग चावली. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण लवंग आली नाही. कसं सांगू तुला? दारावर थाप ऐकू यावी, उठून दार उघडावं आणि बाहेर कोणीच नसावं, तसं. त्यानंतर मी घरभर हुंगत फिरलो. साबण, बुटांचं पॉलिश, शाई, डांबराच्या गोळ्या. शेवटी बाबांचा लोकरी कोट काढला. त्याला भाजलेल्या जवाचा वास येतो म्हणून मी तो आठ वर्षांत धुवायला दिलेला नाही, हे कोणालाच माहीत नाही. कोट नुसता लोकरीचा होता. मी तो बराच वेळ तोंडाशी धरून उभा होतो. तुझी वहिनी दारातून पाहून काही न बोलता परत गेली, आणि ती काही बोलली नाही याचा मला फार धाक वाटला.

काल ती मला नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डोळे मिटायला लावून चार कुप्या नाकाशी धरल्या. मी चारही वेळा पाणी म्हणालो. एका कुपीत खरोखरच पाणी होतं, त्यामुळे अगदी शून्य मिळालं नाही. तापानंतर होतं म्हणे असं. वर्षभरात परत येईल, अर्धवट येईल किंवा येणार नाही. तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या.

आता जे लिहितो ते लिहायला मला दोन दिवस लागले. मला ऑक्टोबरातच शंका आली होती. ताप उतरल्यावर एक नवं पुस्तक आलं, पानं उघडून सवयीने नाकाशी नेलं, आणि कोरं. मी पुस्तक मिटलं आणि प्रकाशकाने कागद हलका वापरला असं स्वतःला सांगितलं. तिथपासून मी एकेकाला दोषी ठरवत आलो. साबणवाल्याचं त्यात काही बिघडलं नाही, तो मला ओळखतही नाही. तुझ्या वहिनीचं बिघडलं ते ती वसूल करील. तोंडी माफी चालणार नाही, लेखी हवी, असं तिने सांगितलं आहे, आणि ती याच टपालाने तिच्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर जात आहे. पण तुझ्या कोठीवाल्यांच्या कमरेच्या किल्ल्या मी सोडवल्या. तू नाही, मी. इथे खुर्चीत बसून, धूर आणि अग्नीचे दाखले देत.

माझे दोन्ही निकाल रद्द. पिंपं ओतू नकोस. सोबत त्यांच्यासाठी वेगळं पत्र आहे. आधी त्यांना दे, मग चौघांसमोर वाच. वाचताना कुठेही थांबू नकोस.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क या वेळेपुरता मी वापरत नाही.

दादा

(सोबतचं पत्र)

कोठीवाले काका यांस सा. न. वि. वि.

माझं नाक ऑक्टोबरपासून गेलेलं आहे. मला ते पुरतं ठाऊक नव्हतं, पण संशय यावा इतकं ठाऊक होतं. तो संशय स्वतःवर घ्यायचा सोडून मी तुमच्यावर घेतला. तुमच्या मसाल्यात काही कमी नव्हतं. वजन चोख असणं हाही मी तुमच्याविरुद्ध पुरावा मानला, आणि गप्प बसणं हाही. तुम्ही बोलला असतात तरी मी तेही तुमच्याच विरुद्ध लावलं असतं.

माझ्या बहिणीने जे केलं ते माझ्या शब्दावर केलं. तिला दोष देऊ नये. कामावर परत यावं अशी विनंती आहे. बिअर चाखून निकाल द्यायचं काम यापुढे तुम्ही करावं. न पिणाऱ्याच्या जिभेचा मान ज्या जिभेला होता ती आता कामाची राहिलेली नाही.

आपला अपराधी

१४ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी स्वतः काकांच्या घरी गेले. दोन खोल्या, झाडून लख्ख. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, पाकिटात घातलं, पाकीट खिशात घातलं आणि मुलीला चहा करायला सांगितलं. चहा मी संपवला. त्यांनीही. मग ते चपला घालून बाहेर गेले आणि मुलीने सगळं सांगितलं.

मसाल्याच्या आदल्या दिवशी काकांची दाढ ठणकत होती. दुपारी सोसवेना तेव्हा त्यांनी डब्यातल्या तीन लवंगा काढून दाढेखाली धरल्या. तीन. घरी आल्यावर जेवले नाहीत. एकोणीस वर्षांत कधी न विचारता हात लावला नव्हता, आज लावला, असं म्हणत बसले. सकाळी उठून वाण्याकडून पुडी बांधून आणली. तीन लवंगा डब्यात परत टाकल्या, मनाचं समाधान होईना म्हणून उरलेली मूठभर सगळी उकळीत टाकली. म्हणजे मिस्त्रीने पाहिलेली पुडी खिशातून बाहेर येत होती, दादा. आणि आमच्या जिभांना लवंग चढी लागत होती, कारण ती होतीच चढी. मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही, म्हटलं. तर मुलगी म्हणाली, दाढ तोवर पिकून गाल एवढा सुजला होता, आणि त्यातून तीन घेतल्या हे खरंच होतं ना. चोर नाही म्हणायला त्यांची जीभ वळेना.

मी मान खाली घालून ऐकलं. माझ्याही तोंडात जीभ होती, दादा, आणि ती बरोबर सांगत होती. मी तिचं ऐकलं नाही, हे तुझ्या खात्यावर टाकून मला सुटता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. सगळ्यांसमोर मी पत्र वाचलं, कुठेही न थांबता. मिस्त्री जमिनीकडे बघत होता. काकांनी पेला मागितला, चाखली, आणि मसाला नसलेलं ते पिंप सगळ्यांत थोडं थोडं मिसळायला सांगितलं. बाटल्या भरायला लागलो. नऊ दुकानं अजून आपली आहेत, दोन गेली. किल्ल्या मी पुढे केल्या, तर त्यांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे टांगल्या आहेत. कोठी उघडायची तर मी उघडते, ते बाहेर उभे राहतात. तुला ते स्वतः लिहिणार आहेत असं म्हणाले.

नाक परत येवो न येवो, तुझ्यावरचा माझा जीव कुठे जात नाही.

तुझी,
ठमी

१८ डिसेंबर

दादासाहेबांना स. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

माल नऊ दुकानांत पोचला. बाईंनी सांगितलं की निकाल मी लिहायचा आणि तुम्हाला कळवायचा. म्हणून कळवतो. रंग बरोबर. फेस बरोबर. संत्र्याची साल आणि दालचिनी बरोबर. मिसळल्यावरसुद्धा लवंग थोडी पुढे आहे. चूक माझी. पुढच्या वर्षी होणार नाही.

तुमच्या नाकाचं ऐकून वाईट वाटलं. माझी दाढ काढून टाकता आली.

तुमचं पत्र चांगलं होतं. बाईंनी वाचलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. पण किल्ल्या गेल्या त्याही पत्राने गेल्या. तुम्ही तेव्हाही लांब होतात आणि आताही लांब आहात. मी पंधरा दिवस घरी बसलो, तेव्हा गल्लीत लोक विचारत होते, ते समोर येऊन विचारत होते. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. तुम्ही या. सगळे असतील तेव्हा या. खिळ्यावरच्या किल्ल्या तुमच्या हाताने काढून माझ्या हातात द्या. भाषण नको. तेवढ्याने पुरेल. तोवर मी रोज येतो आहे, काम अडणार नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, असं बाई म्हणाल्या. ते तुम्ही येऊन गेल्यावर लिहीन.

कोठीवाला